खरी नक्कल

राजसची आणि माझी ओळख एका टाइपरायटरवर झाली. त्याच टाइपरायटरवर ती तुटलीही, पण ते मला कळायला बारा वर्षं लागली. मी आपली घराण्यातली हुशार मुलगी म्हणून नावाजलेली.

टी. नगरात पानगल पार्कच्या मागच्या गल्लीत एका माडीवर टायपिंगचा क्लास होता. ही गोष्ट १९५४ सालची. त्या काळी मद्रासमधली एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक, झालेली मुलगी दोन गोष्टींची वाट पाहायची, नवऱ्याची आणि नोकरीची, आणि वाट पाहता पाहता टायपिंग शिकायची. क्लासात नऊ मशीनं होती. चार नंबरचं मशीन सकाळी सात ते आठ माझं आणि आठ ते नऊ राजसचं. त्याचं 'ए' अक्षर चिकटायचं. बोटानं उचलून सोडवावं लागायचं.

राजस मात्र सातलाच यायची. सगळी मशीनं पुसायची, रिबनी बदलायची, आणि बाहेरून टाइप करायला आलेले कागद करून द्यायची. त्या बदल्यात तिला फी माफ होती. काम नसलं की माझ्या शेजारी स्टुलावर बसून स्वतःच्या मांडीवर दहाही बोटांनी टाइप करत राही. मी चुकले की तिची बोटं थांबायची, म्हणजे मला न पाहता कळायचं. तशी बोटं मी पुढे सरकारी नोकरीतसुद्धा कुणाची पाहिली नाहीत.

क्लासात ती मला 'तूं' म्हणायची. आमच्या घरच्या ओट्यावर आली की 'तुम्ही'. पार्क ओलांडताना वाटेत कुठेतरी हा बदल व्हायचा. नेमका कुठे, ते मला कधी पकडता आलं नाही.

राजसबाई ही शिंपी तुळजाजीची मुलगी. आम्ही देशस्थ ब्राह्मण. दोन्ही घरं मूळची तंजावरची, दोन्ही घरांत मराठी, तीही पावणेतीनशे वर्षांपूर्वी कावेरीकाठी आलेली आणि तिथेच मुरलेली. (ही लिहिते आहे ती मराठी मी पुढे पुण्याहून मागवलेल्या मासिकांतून शिकले. घरी अशी बोलले असते तर अम्मानं मला वेड लागलं असं म्हटलं असतं.) गल्लीतल्या तमिळ लोकांना आम्ही सगळे सारखेच, 'मराट्टियर'. आमच्यातली भिंत त्यांना दिसायचीच नाही. आम्हांला ती डोळे मिटूनही सापडायची. तुळजाजी आमच्याच ओट्याच्या टोकाला मशीन टाकून गल्लीभरची जाकिटं, म्हणजे बायकांची पोलकी शिवायचा. त्यानं शिवलेलं कापड आमची अम्मा काठीनं उचलून आधी बादलीत बुडवायची, मगच आत घ्यायची. तुळजाजी ते पाहायचा आणि सुईत दोरा ओवायचा.

त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला संध्याकाळी माझे गुरुमूर्तीमामा बसायचे. त्यांचा एकच विषय. माझा थोरला भाऊ अनंतकृष्ण हिशेबात ब्याण्णव मार्क मिळवूनही राज्य सरकारच्या नोकरीत तीनदा मागे राहिला होता. खुल्या यादीतल्या जागा थोड्या, उमेदवार ढीगभर. शेवटी अण्णा मुंबईला गेला आणि एका गिरणीच्या कचेरीत चिकटला. जाताना तो अम्माच्या पाया पडला आणि म्हणाला, "हें गांव मज नको म्हणालें." त्याचं दुःख खोटं नव्हतं. स्टेशनावरून परत आल्यावर अम्मा त्याच्या पानाची जागा मोकळी ठेवून वाढत राहिली.

"गुण पाहावा," मामा म्हणायचे. "जात कशाला पुसावी? हें कुठलें न्याय?"

एकदाच तुळजाजी बोलला. मशीन न थांबवता, मान खाली घालून, मामांना 'रायर', म्हणजे राव, म्हणत. "रायर, गुण पाहायाला आधीं आंत तर येऊं द्यावें लागतें कीं."

मामा त्यावर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. तुळजाजीला ते कळलंच नाही, कारण एरवीही ते त्याच्याशी बोलत नसत.

आता माझ्या अप्पांची, म्हणजे वडिलांची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथून सुरू झालं. अण्णाला तंजावरच्या शाळेत घातलं ते मामांनी. मला घालायला मात्र अप्पा स्वतः गेले, जरीचं अंगवस्त्र खांद्यावर टाकून. हेडमास्तरांनी फॉर्म भरता भरता विचारलं, "कम्युनिटी?" अप्पा छाती काढून म्हणाले, "महराट्टा." ही हकीकत अप्पा आल्यागेल्याला सांगायचे. "ब्राह्मण त्या गांवांत गल्लोगल्ली होते," म्हणायचे, "मराठी त्या खोलींत मी एकटा. मग काय सांगावें?" सगळे हसायचे. तो शब्द हेडमास्तरांनी रजिस्टरात लिहिला, तिथून तो वर्षांमागून वर्षं वर चढत माझ्या एस.एस.एल.सी.च्या पुस्तकात, म्हणजे दाखल्यात आला. अशा रीतीनं एकाच आईबापाच्या पोटी अण्णा ब्राह्मण आणि मी महराट्टा झाले. मी तो शब्द शंभरदा वाचला असेन. मला वाटायचं, भाषा लिहिली आहे.

१९५५ च्या सुरुवातीला एका सरकारी खात्यात टायपिस्टच्या चार जागा निघाल्या. पाळीप्रमाणे, म्हणजे कुठली जागा कुठल्या समाजाला हे ठरवणाऱ्या सरकारी क्रमाप्रमाणे, त्यातल्या तीन खुल्या आणि एक मागासवर्गाची. ब्राह्मणेतर मराठे मागासांच्या यादीत होते, त्यामुळे ती जागा म्हणजे राजसच्या ताटात वाढल्यासारखीच होती. मलाही तसंच वाटत होतं, मी तिला तसं म्हटलंही होतं. अर्जाबरोबर पुस्तकाची नक्कल टाइप करून, खाली 'ट्रू कॉपी' लिहून, मोठ्या अधिकाऱ्याची सही घ्यावी लागे. गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला राजसनंच केल्या. माझीही. मी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि कलिंगड आणायला बाजारात गेले. परत आले तर नक्कल तयार, एकही खाडाखोड नाही, आणि राजसचा चेहरा असा फुललेला की मी विचारलं, "काय झालें गं?"

"कांहीं नाही," ती म्हणाली. "'ए' आज एकदांही चिकटला नाही."

मुलाखतीला तीन अधिकारी होते. मधल्यानं माझा कागद पाहिला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "महराट्टा?"

मी म्हटलं, "येस सर."

मला वाटलं भाषा विचारताहेत. खरंच वाटलं. तरी त्या दोन शब्दांचं मी पुढे इतकं चर्वितचर्वण केलं आहे, की आता माझा माझ्यावर विश्वास उरलेला नाही.

निकाल लागला. निवडलेल्या चौघांत माझं नाव होतं. राजस प्रतीक्षा यादीत, पहिली. परीक्षेत मला तिच्यापेक्षा दोन मार्क जास्त होते. ती यादी एक वर्ष चालणार होती. मार्च अखेरपर्यंत कुणी सोडलं, कुणी गळलं, तर तिला बोलावणं येणार. बोर्डापुढे उभी राहून ती माझा हात धरून म्हणाली, "तूं पुढें जा. मी मागून येतें." माझी निवड कुठल्या पाळीवर झाली ते बोर्डावर लिहिलेलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी नेसायच्या साडीवरचं जाकीट तुळजाजीनं शिवलं आणि काजं राजसनं केली. अम्मानं ते बादलीत बुडवलं.

कचेरीत आमचे सुपरिंटेंडेंट होते नारायणस्वामी. बुटके, पान खाणारे, मुलींना 'अम्मा' म्हणणारे. ऑक्टोबरात त्यांनी मला एक तक्ता टाइप करायला दिला. नव्या नेमणुका, कोण, कुठल्या समाजाचा, कुठल्या पाळीवर. मी भराभर टाइप करत गेले. पहिले तिघे, खुली पाळी. चौथी ओळ माझी: 'ए. अंबुजा बाई, महराट्टा, मागासवर्ग.' माझी बोटं ती ओळ पुरी करून मगच थांबली. शिकवणच तशी होती.

मग मी जुनी गुणांची यादी काढून पाहिली. खुल्या यादीत मी एकोणिसावी आले असते. जागा तीन. म्हणजे अप्पांनी त्या दिवशी शाळेत ब्राह्मण म्हटलं असतं तर मी घरी बसले असते आणि या खुर्चीवर राजस असती. ती मला पुढे जा म्हणाली होती, आणि मी तिच्याच जागेवर जाऊन बसले होते.

तक्त्यात एकही चूक नाही म्हणून नारायणस्वामींनी मला शाबासकी दिली.

घरी येऊन मी अप्पांना सांगितलं. उन्हाळ्यात त्यांना झटका येऊन गेला होता. डावं अंग गेलेलं, जीभ जड झालेली. घरात दोन धाकट्या बहिणी शाळेत, आणि कमावणारी मी एकटी. अण्णाचं मुंबईत त्याचं त्यालाच जेमतेम पुरत होतं. अप्पांनी उजवा हात माझ्याकडे केला. "मी काय असत्य बोललों?" ते म्हणाले. "आपण मराठे नव्हें काय?" आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्या गोष्टीवर ते पंधरा वर्षं लोकांना हसवत होते, तीच माझ्या गळ्यात अशी येऊन पडली होती. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

मामांचं मात्र मला आजही हसू येत नाही. जातीचं नाव काढलं की ज्यांचं पित्त खवळायचं, ते मामा म्हणाले, "गप्प राहा. अनंताचें त्यांनीं घेतलें, देवानें तुज दिलें. सरी झालें."

"त्यांनीं म्हणजे कोणीं?" मी विचारलं. "तुळजाजीनें?"

तुळजाजी बाहेर ओट्यावर काजं करत बसला होता. मामा उठून आत गेले.

माझ्यापाशी पाच महिने होते. ऑक्टोबर संपता संपता मला कळलं होतं, यादी मार्चअखेर मरणार होती. मी एक अर्ज लिहायचा, माझी नोंद चुकीची आहे म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी राजसला बोलावणं. इतकं सोपं होतं. पण पहाटे उठून अप्पांचं अंग पुसताना ते सोपं राहायचं नाही. औषधवाला, बहिणींची फी, अम्माचं ते न बोलता बघणं. मी स्वतःला सांगायची, पोंगल होऊ दे. मग म्हणायची, अप्पा जरा उठून बसू देत.

राजस मला दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मांबळम् स्टेशनावर गाठायची. ती क्लासाची टपालं टाकायला आलेली असे. "लिस्ट हललें काय?" विचारायची. "कोणी सोडलें काय?"

मी म्हणायची, "नाही."

"सरी," ती म्हणायची, म्हणजे बरं. "पुढच्या महिन्यास पाहूं." कधी टोचून बोलली नाही, कधी रडली नाही. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, आणि माझं तेच उत्तर.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी ठरवलं. आंघोळ करून, देवापुढे हात जोडून क्लासाची माडी चढले. राजस चार नंबरचं मशीन पुसत होती. मी म्हटलं, "राजस."

तिनं फडकं खाली ठेवलं. स्टूल ओढून बसली, हात मांडीवर घेतले, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. बोटं अगदी स्थिर होती. जणू काही मी आता मजकूर सांगणार आणि ती उतरवून घेणार.

माझ्या तोंडून आलं, "हें 'ए' अजून चिकटतें काय?"

तिनं 'ए'ची कळ एकदा दाबून पाहिली. मग म्हणाली, "चिकटतें." आणि फडकं उचललं.

मी जिना उतरले. आयुष्यात माणसाला भेकड व्हायला किती कमी वेळ लागतो, ते मी त्या जिन्यावर शिकले.

मार्च संपला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, आता काहीच पणाला लावायचं उरलं नव्हतं तेव्हा, मला धीर आला. मी नारायणस्वामींच्या टेबलापुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पान थुंकलं, तोंड धुतलं, दार लावून घेतलं.

"ती दुसरी मुलगी शिंप्याची?"

"हो."

"माझ्या बापाला शाळेच्या खिडकीबाहेर उभं राहून धडे ऐकावे लागले अम्मा," ते हळू आवाजात म्हणाले. "अशा एकेका जागेसाठी आमच्या पिढ्या थांबल्या आहेत. तुला ती जागा चुकून मिळाली, याचा मला राग नाही. चूक चूकच असते. पण ऑक्टोबरात तो तक्ता तू स्वतः टाइप केलास."

त्यांनी खुर्ची मागे सारली.

"आता यादी संपली. तू गेलीस तर ती जागा नव्या पाळीत जाईल, तिला मिळणार नाही. एका घरातली चूल विझेल आणि दुसऱ्या घरात पेटणार नाही. मार्चात आली असतीस तर मी तुला हात जोडले असते." त्यांनी दार उघडलं. "मी काही ऐकलं नाही. जा, काम कर."

त्यांनी मला वाचवलं असं लोक म्हणतील. मला त्या दिवशी त्यांनी चार मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

राजस पुढच्या वर्षीही परीक्षेला बसली. त्या वर्षी तिच्या पाळीत टायपिस्टची जागाच आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तुळजाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, सुईचं नाक दिसेना. राजसनं क्लास सोडला आणि आमच्या ओट्यावर बापाच्या जागी बसली. मी सकाळी ऑफिसला निघताना ती मशीन पुसत असायची. आता क्लास नव्हता, पार्कही नव्हता, होता तो ओटा. त्यामुळे 'तूं' म्हणायला तिला जागाच उरली नाही. "निघालांत काय?" एवढं विचारायची. काम नसलं तरी तिची बोटं मांडीवर हलताना मी पुन्हा पाहिली नाहीत.

तिचं लग्न झालं, आवडी नावाच्या गावाच्या बाजूला काम करणाऱ्या एका भल्या माणसाशी. ती अंबत्तूरला राहायला गेली आणि घरी मुलींचे फ्रॉक शिवू लागली. माझं लग्न झालं नाही. अप्पा अंथरुणात नऊ वर्षं काढून गेले. मला बढती मिळाली, मग आणखी एक. माझ्या हाताखाली टायपिस्ट मुली आल्या, वेगवेगळ्या पाळ्यांवर आलेल्या. कुणी कुजबुजायचं, ही अमुक जातीची म्हणून आली, हिला काय येतंय. मी वर पाहिलं की गप्प व्हायचे. त्यांना वाटायचं, मॅडम कडक आहेत. कुणी कशाच्या जोरावर आलं हे बोलायला माझं तोंड उरलं नव्हतं, एवढंच.

१९६७ च्या मे महिन्यात तुळजाजी वारल्याचं कळलं. मी सेंट्रलहून गाडी पकडून अंबत्तूरला गेले. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी शिलाईचं मशीन, भिंतीवर तुळजाजीचा फोटो आणि त्याला ताजी फुलं. राजसचे केस कानांशी पांढरे झाले होते. तिनं मला खुर्ची दिली आणि स्वतः चटईवर बसली. मीही उतरून चटईवर बसले. ती जरा गोंधळली.

"कॉफी चालेल काय तुम्हांला?" तिनं विचारलं. "कीं सोडा मागवूं?"

सोड्याची बाटली बंद असते, तिला कुणाचा हात लागत नाही. आमच्या लोकांना परक्या घरी देण्यासाठी ही सोय सगळ्यांना पाठ होती. मी म्हटलं, "कॉफी." तिनं आणलेली कॉफी मी पितळी पेल्याला तोंड लावून प्याले. तेरा वर्षांच्या ओळखीत आमच्या घरातल्या कुणी तिच्या हातचं घेतलं असेल तर ते पहिल्यांदा.

मग मी सांगितलं. शाळा, अप्पा, येस सर, तक्ता, सगळं.  राजस एका फ्रॉकचे सुटलेले दोरे कापत ऐकत होती. कात्री एकदाही थांबली नाही.

"मज ठाऊक होतें," ती म्हणाली.

"केव्हांपासून?"

"नक्कल मीच केलें नव्हें काय? तुमचें पुस्तक, माझें पुस्तक, दोन्ही मशीनपाशीं ठेविलें होतें. रिझल्ट लागल्यावर समजलें, जागा कोणाची कोणास गेली तें."

"मग बोललीस कां नाही?"

"पुसत होतें कीं," ती शांतपणे म्हणाली. "दर महिन्यास स्टेशनांत येऊन पुसत होतें. कोणी सोडलें काय म्हणून. तुम्ही सांगाल असें वाटलें. त्या शनिवारीं तुम्ही आलांत, तेव्हां तर मी ऐकायाला तयारच बसलें होतें."

 मी काहीतरी बोलायचं म्हणून, खरं तर थोडा दोष तिच्याही पदरात पडावा म्हणून, विचारलं, "पण नक्कल करितांनाच दिसलें होतें तर तेव्हांच कां नाही सांगितलेंस? हें चुकलें आहे म्हणून?"

तिनं कात्री खाली ठेवली.

"कसें सांगूं?" ती म्हणाली. "त्या दिवशीं मज किती बरें वाटलें तें तुम्हांला समजणार नाही. तुमची अम्मा आमच्या हातचें कापड काठीनें उचलीत होती. आणि सरकारच्या पुस्तकांत पाहिलें, तर जें माझ्या नांवापुढें तेंच तुमच्या नांवापुढें. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. मी तें दोनदां टाईप केलें, कार्बन लावून. आपण दोघी एकच आहों, असें लिहिलें होतें. तें चुकलें आहे, हें मी माझ्या तोंडानें कसें सांगूं?"

माझ्या डोळ्यांपुढे तो फुललेला चेहरा आला. 'ए' एकदाही चिकटला नाही, म्हणाली होती ती. मी तेव्हा हातात कलिंगड घेऊन उभी होते, आणि मला वाटलं होतं ती टायपिंगबद्दल बोलते आहे. मी रडले. ती रडली नाही. पाठीवर हात ठेवावा म्हणून तिनं हात उचलला आणि मध्येच परत घेतला. इतक्या वर्षांची सवय तिची तिलाही मोडता आली नाही.

निघताना मशीनच्या फळीवर शाळेचा एक फॉर्म दिसला. जूनपासून तिच्या थोरल्या मुलीला पहिलीत घालायचं होतं. फॉर्म शाईनं भरून तयार होता. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख. कम्युनिटीच्या रकान्यात 'महराट्टा' लिहिलं होतं, आणि पुढे 'नॉन-ब्राह्मिन'. त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मी तिथे पाहते आहे हे तिला दिसलं. "नीट लिहिलें आहे नव्हें?" तिनं विचारलं. "तुम्ही ऑफिसांत हेंच पाहतां म्हणून पुसलें."

मी म्हटलं, "नीट आहे." अक्षर तिचं पहिल्यासारखंच सुबक होतं, आणि कुठेही खाडाखोड नव्हती.